आमचा नंबर कधी लागणार?

खिशात ४९,९९० रुपये घेऊन ते कुणाच्या तरी हवाली करायला उतावीळ झालेल्या माणसाला या देशात कुणी हिंग लावून विचारत नाही, हे मला २०२१ साली कळलं. एरवी इंटरनेटवर साधा चिमटा शोधला तरी पुढचा महिनाभर चिमट्यांच्या जाहिराती पिच्छा सोडत नाहीत. पण सोनीचं प्लेस्टेशन ५ हे व्हिडिओ गेमचं यंत्र घ्यायचंय म्हटल्यावर सगळ्या बाजाराने माझ्याकडे पाठ फिरवली.

मुळात हे यंत्र मी चिरंजिवांसाठी घेत होतो. निदान घरात तसं जाहीर केलं होतं. चिरंजीव सातवीत, करोनामुळे शाळा ऑनलाइन, मित्रांची भेट नाही. पोराला विरंगुळा नको का? पोर स्वतः मोबाइलवरच्या फुकट गेमवर पूर्ण समाधानी होतं, हा तपशील मी चर्चेत येऊ दिला नाही. खरी गोष्ट अशी, की माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एकाच घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. '९९९९ इन १' असं छापलेली पिवळी कॅसेट, त्यात खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि बाकीचे तेच गेम नावं बदलून आलेले. मारिओ एकदा मेला की पाळी पुढच्याची. पाळी टिकावी म्हणून त्या मुलाच्या आईचं दळण मी गिरणीतून आणून द्यायचो. दळणाच्या बदल्यात मारिओ हा व्यवहार ज्याने केलाय, त्याला चाळिशीत स्वतःचं यंत्र का लागतं, हे निराळं सांगायला नको.

अमेरिका आणि जपानमध्ये हे यंत्र १२ नोव्हेंबर २०२० ला आलं, आठवड्याने आणखी बऱ्याच देशांत. भारतात मात्र तारीखच लागेना. त्यातच बातमी वाचली की दिल्लीतल्या एका गृहस्थांनी 'पीएस५' या नावाच्या ट्रेडमार्कसाठी सोनीच्या आधीच अर्ज करून ठेवला होता. पुढे तो अर्ज मागे घेतला गेला. पण सगळं जग यंत्रासाठी धडपडत असताना थेट नावालाच हात घालणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. अखेर २ फेब्रुवारी २०२१ हा मुहूर्त निघाला. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला, दुपारी बाराच्या ठोक्याला.

त्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलो होतो. पत्ता भरलेला, कार्डाचा नंबर तोंडपाठ. बारा वाजले, बटण दाबलं आणि यंत्र चक्क गाडीत, म्हणजे कार्टमध्ये, येऊन बसलं. पैसे भरायला गेलो तर पडद्यावर सूचना: नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदणीकृत मोबाइल बायकोचा. बायको शिक्षिका. आणि त्या क्षणी ती त्याच मोबाइलवरून आतल्या खोलीत पाचवीच्या वर्गाला लसावि शिकवत होती.

मी दाराशी जाऊन आधी खुणा केल्या. मग कुजबुजलो. मग ओरडलो, "अगं, ओटीपी!"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पण वर्गातल्या कुण्या कनवाळू विद्यार्थ्याने माइक चालू केला. "बाई, सर ओटीपी मागतायत." पाठोपाठ दुसरा म्हणाला, "बाई, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. तुम्हीच सांगितलंय." वर्ग एकमताने त्याच्या बाजूने झाला. बाईंनी शाबासकी दिली आणि लसावि पुढे चालू ठेवला. मी परत येईतो पडद्यावर 'स्टॉक संपला' असं आलं होतं आणि मीटिंगमध्ये माझे साहेब माझं मत विचारत होते. मी म्हणालो, "संपला." तिमाही उद्दिष्टाबद्दल ते विचारत होते असं नंतर समजलं. फेब्रुवारीत बायकोने जेवताना सहज सांगितलं, की त्या ओटीपीवाल्या मुलाच्या वडिलांना यंत्र मिळालं.

मग मी लॅमिंग्टन रोड गाठला. ठाण्याहून लोकल आणि पुढे चालत, मास्कवर मास्क चढवून. तिथल्या एका दुकानदाराने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मिळेल. पण ऑन लागेल." 'ऑन' म्हणजे छापील किमतीच्या वरची रक्कम. ती ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. शिवाय अट होती: सोबत जादा कंट्रोलर, दोन गेम आणि हेडफोन घ्यायचे. गेमपैकी एक अमेरिकन फुटबॉलचा. आमच्या गावाकडे युरियाचं पोतं हवं असेल तर नको असलेली खतं गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात आणि त्याविरुद्ध शेतकरी तक्रार करू शकतो. अमेरिकन फुटबॉलविरुद्ध कुठल्या कृषी अधिकाऱ्याकडे जायचं? मी ताठ मानेने बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो आणि विचारलं, "हेडफोन सोडून कितीला?"

घरी या सगळ्या प्रकाराकडे शांतपणे पाहणारी एकच व्यक्ती होती. माझे वडील. अण्णांचा टंचाईशी जुना घरोबा. गॅस, फोन, घड्याळ, सिमेंट, सगळ्यासाठी त्यांनी नंबर लावलेले. त्यातलं त्यांचं मानाचं पान म्हणजे बजाज चेतक. त्या काळी परवाने सरकार देई, गाड्या किती बनवायच्या तेही सरकारच ठरवी, त्यामुळे चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबणं कुणाला नवलाचं वाटत नसे. "बुक केली तेव्हा माझं लग्न ठरलेलं नव्हतं," अण्णा अभिमानाने सांगतात, "आणि आली तेव्हा तू पुढे उभा राहून हॉर्न वाजवलास." परदेशातून डॉलर भरले की गाडी लगेच मिळायची. मस्कतला असलेल्या आतेभावाने तसं सुचवलंही होतं. अण्णांनी नकार दिला. आपला नंबर असताना दुसऱ्याच्या डॉलरने का घ्यायची?

"तुझा नंबर कितवा?" त्यांनी मला विचारलं.

"नंबर नसतो, अण्णा. ते अचानक विक्री चालू करतात. ज्याने आधी बटण दाबलं, त्याला मिळतं."

"मग जो जानेवारीपासून थांबलाय त्याचं काय?"

"काही नाही. तो आणि आज सकाळी जागा झालेला, दोघे सारखेच."

"आणि आधी बटण कोण दाबतं?"

इथे मला सांगावं लागलं की पुष्कळदा बटण माणूस दाबतच नाही. काळ्या बाजारवाल्यांनी त्यासाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिलेले असतात, ते आपली पापणी लवायच्या आत माल उचलतात.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र घ्यायला यंत्रंच उभी आहेत. तू मधे कशाला जातोस?"

त्यांच्या टंचाईतली प्रतिष्ठा मला तेव्हा उमगली. दहा वर्षं थांबलेला माणूस नऊ वर्षं थांबलेल्याच्या पुढे असतो. त्याच्या हातात चिठ्ठी असते, चिठ्ठीवर आकडा असतो, आकडा महिन्याला थोडा पुढे सरकतो. अशा माणसाला धीर धरणं परवडतं. तो संध्याकाळी फिरायला जाऊ शकतो, लग्न करू शकतो. माझी टंचाई रोज सकाळी शून्यापासून सुरू व्हायची. काल जागलो त्याचं पुण्य आज खात्यावर नाही. त्यामुळे धीर धरणारा मूर्ख ठरतो आणि रात्री तीनला फोन तपासणारा शहाणा. मी शहाणा होतो. शहाणपणामुळे डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

न मिळण्याची कारणंही मी पाठ केली. या यंत्राचा मुख्य प्रोसेसर एएमडीने आखलेला, पण तो बनतो तैवानमध्ये टीएसएमसीच्या कारखान्यात. महासाथीत घरी बसलेल्या जगाने लॅपटॉप आणि फोन मागितले. मोटार कंपन्यांनी २०२० च्या सुरुवातीला चिपच्या ऑर्डर रद्द केल्या होत्या, त्या वर्षअखेरीस परत आल्या. तोवर त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली होती. मार्च २०२१ मध्ये जपानात रेनेसासच्या चिप कारखान्याला आग लागली. तो मोटारींच्या चिप करायचा, माझ्या यंत्राशी त्याचा सरळ संबंध नव्हता, तरी मी हळहळलो. चारच दिवसांत 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. तेही मी मनाला लावून घेतलं. वर तैवानात दुष्काळ. २०२० मध्ये एकही चक्रीवादळ तैवानच्या किनाऱ्यावर आलं नाही, धरणं तळाला गेली. आणि चिप धुवायला तर अतिशुद्ध पाणी लागतं, तेही भरपूर. तिथल्या कारखान्यांनी पाण्याचे टँकर मागवायला सुरुवात केली.

टँकर म्हटल्यावर अण्णांना पहिल्यांदा हा विषय समजला. "आपल्या सोसायटीचा बुधवारी येतो," ते म्हणाले. "त्यांचा कधी?"

एप्रिल उजाडला आणि 'कुठे मिळेल का?' हा प्रश्न फोनाफोनीत दुसऱ्याच गोष्टींसाठी विचारला जाऊ लागला. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर. माझ्या फोनवर स्टॉकची बातमी देणारा ग्रुप आणि सोसायटीचा मदतीचा ग्रुप एकाखाली एक होते. पहिल्याचा आवाज मी बंद केला, आणि त्या दिवसांत प्लेस्टेशनचं नाव घरात कुणी काढलं नाही.

१७ मेला पुन्हा नोंदणी उघडली. या खेपेला तबकडी न लागणारं, ३९,९९० चं स्वस्त मॉडेलही होतं. बायकोने स्वतःहून मोबाइल माझ्या हातात दिला; शाळेला सुट्टी होती. आता ओटीपीही हजर, मीही हजर. पडद्यावर आलं: 'तुमच्या पिनकोडवर ही वस्तू पोचवता येत नाही.'

तेव्हापासून मी नातेवाइकांचे पिनकोड गोळा करू लागलो. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोललो नव्हतो त्यांना फोन केले. प्रकृती विचारायची, पावसाचं विचारायचं आणि मग सहज, "तुमचा पिनकोड काय हो?" आपल्याकडे पिनकोड विचारला की लोक एकच अर्थ काढतात. कोल्हापूरच्या मावशीने सगळ्या भावकीत कळवलं की ठाण्याला कार्य निघालंय आणि पत्रिका छापायला गेल्यात. कुणाचं कार्य, यावर दोन तट पडले. चिरंजीव तेराचे आणि मी विवाहित, त्यामुळे संशय अण्णांवर गेला. आत्याने मला बाजूला घेऊन, म्हणजे फोनवर आवाज खाली आणून, विचारलं, "या वयात? पण सोबत हवीच म्हणा माणसाला." अण्णा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. कोल्हापूरला वस्तू पोचत होती, पण माझी खात्री होईतो ती संपली.

पुढचं दीड वर्ष याच चालीवर गेलं, ते उगाळत बसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सोनीतर्फे जाहीर झालं की टंचाई सरली, आता यंत्र मिळणं सोपं जाईल. दरम्यान भारतातली किंमत पाच हजारांनी वाढून ५४,९९० झाली होती. जुलैत तिच्यावर साडेसात हजारांची सूट आली. म्हणजे जो काहीच न करता घरी झोपून राहिला, त्याला यंत्र पहिल्या दिवसापेक्षा स्वस्त पडलं.

मॉलमधल्या दुकानात खोक्यांची थप्पी लागलेली होती. सवयीने मी आजूबाजूला पाहिलं, कुणी आडवं येत नाही ना. कुणीच नव्हतं. विक्रेत्या मुलाला हळू आवाजात विचारलं, "स्टॉक आहे?"

"भरपूर आहे, सर. दोन देऊ का?"

मला त्याचा राग आला. इतकं सरळ हो म्हणतात का? थोडं आत जाऊन बघून यावं, शेवटचाच आहे म्हणावं. मी दोन-तीनदा विचारलं, हा तोच ना, नक्की ना. त्याने मला म्हातारा समजून चालू कसा करायचा ते समजावलं. यंत्र खोक्यासकट उराशी धरून मी रिक्षात बसलो. वाटेत कुणीही हेव्याने पाहिलं नाही.

दार बायकोने उघडलं. खोकं पाहिलं, मला पाहिलं आणि एकच वाक्य बोलली. "जूनपासून त्याची दहावी सुरू झालीय."

मराठी घरात या वाक्यावर अपील नसतं. दहावीच्या वर्षात केबल कापतात, सहली रद्द होतात, पाहुण्यांना परस्पर दुसऱ्या घरी उतरवतात. माझं यंत्र त्याच संध्याकाळी माळ्यावर गेलं, गणपतीच्या मखराच्या शेजारी. मी म्हणालो, निदान पोर झोपल्यावर मी एकटाच. बायको म्हणाली, "पण ते तर त्याच्यासाठी घेतलं होतंस ना?"

पुढे बोर्डाचं वेळापत्रक आलं. पहिला पेपर १ मार्च २०२४ ला, शेवटचा २६ मार्चला. मी तोंड पाडून बसलेलो पाहून अण्णा म्हणाले, "तारीख मिळाली ना? मग रडतोस कशाला? आम्हाला तर तारीखही नसायची, नुसता नंबर." आणि बोलता बोलता त्यांनी कागद ओढून घेतला आणि रीतसर यादी केली. पहिला नंबर चिरंजिवांचा, कारण यंत्र त्यांच्या नावावर. दुसरा अण्णांचा, मोटारींच्या शर्यतीचा गेम असतो असं त्यांनी ऐकलं होतं आणि थांबण्याची त्यांची सेवाज्येष्ठता वादातीत होती. यादी फ्रिजवर लावली. मी तिसरा होतो. पण लेखी होतो, आणि माझ्या पुढे फक्त दोघे होते.