‘मा.’ मार्गदर्शक

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून बोलावणं आलं, की माझी मान जरा ताठ होते. पत्रिकेत नावामागे ‘मा.’ छापलेलं असतं. घरी मला कुणी ‘मा.’ म्हणत नाही. म्हणून एसटीचे धक्के खात अंजनगाव सुर्जी गाठायला मी एका पायावर तयार असतो.

हार, नारळ, ऐन वेळी मुका होणारा माईक हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे. थेट स्लाइडवर येतो. पहिलीच स्लाइड ‘प्रशिक्षणाच्या गरजांचे विश्लेषण’. हे विश्लेषण मी घरच्या खुर्चीत बसून केलेलं असतं. सेविकांना विचारत बसलो, तर गरजा वाढतात आणि माझ्या स्लाइड कमी पडतात.

एकतर्फी बोलण्यांची या गावाला सवय असावी. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथलाच. गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेलं, नगरचा किल्ला गेला. इंग्रजांच्या वतीने तह करणाऱ्या वेलस्लीने निदान तहाखाली अभिप्रायाचा फॉर्म तरी जोडला नाही. मी जोडतो. त्यावर सगळ्या जणी ‘उत्कृष्ट’वर खूण करतात, कारण एसटी सुटायची वेळ झालेली असते. मी ते फॉर्म जपून ठेवतो.

खरं तर प्रशिक्षण कसं द्यावं हे शिकायला या तालुक्याबाहेर जायचं कारणच नाही. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, 23 फेब्रुवारी 1876 ला याच तालुक्यातल्या शेंडगावात जन्मले. बाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. आता बघा, ज्याने गावाच्या गल्ल्या स्वतः झाडल्या, त्याला गावात दारू किती, कर्ज कुणाचं, बोकड कुठे कापतात हे वेगळं विचारावं लागतं का? माझ्या मते तो खराटा हेच विश्लेषण! आणि कीर्तनात तरी काय, सरळ सवाल-जवाब. बाबा विचारणार, लोक उत्तर देणार आणि उत्तर देता देता स्वतःच्याच तोंडून स्वतःचा मूर्खपणा कबूल करणार. तेही वऱ्हाडीत. ना स्लाइड, ना ‘मा.’. शाळेत न शिकलेल्या या माणसाचं नाव पुढे अमरावतीच्या विद्यापीठाला द्यावं लागलं. त्यांच्यावर मी तासभर बोलू शकतो आणि बोलतोही. तेवढ्यात चहा येतो.

तर अशाच एका प्रशिक्षणात विषय होता पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीचं सरकारी ॲप. घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनमध्ये टिपायचा, त्याआधी आधारची पडताळणी. मी ‘डिजिटल सक्षमीकरणाची पंचसूत्री’ सांगत असताना मागच्या रांगेतून एक सेविकाबाई उठल्या.

“सर, थे सगळं बराबर हाये. पण बाईच्या आधारले नंबर नवऱ्याचा. नवरा पुण्याले कामाले. ओटीपी त्याच्या मोबाईलवर जाते, अन् थो फोन उचलत नाई. मंग त्या बाईले आहार देऊ का नोको देऊ?”

पंचसूत्रीत हे सहावं सूत्र नव्हतं. “छान प्रश्न! शेवटच्या सत्रात घेऊ,” असं मी भारदस्तपणे म्हणालो. तोवर शेजारची सेविका बोलून गेली, “जेवाच्या टायमाले लाव ना वं, तवा उचलते.” मग तिसरी उठली, चौथी उठली. कुणी नंबर बदलून घ्यायला बाईला आधार केंद्रावर नेलं होतं, तेही पदरच्या पैशाने. सगळं सभागृह एकमेकींना शिकवत होतं. माझा पॉइंटर उगाचच भिंतीवर लाल ठिपका फिरवत राहिला.

हसू आलं, मग रागही आला. 1975 पासून अंगणवाडीच्या योजनेत बायका वजनं करताहेत, वह्या भरताहेत, घरोघर हिंडताहेत. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले, तेव्हा इंग्रजी ॲप ही त्यांची एक मोठी तक्रार होती. तरी आपण त्यांना ‘सक्षम’ करायला निघतो. आहार कुणाला द्यायचा हे त्यांना पाठ असतं. अडतो तो ओटीपी.

तेव्हा पुढचं प्रशिक्षण आखणाऱ्या साहेबांना विनंती: विषयपत्रिका छापण्याआधी त्या मागच्या रांगेतल्या बाईंना दाखवा आणि व्याख्यानाला त्यांनाच बोलवा, नावामागे ‘मा.’ लावून. माझं मागचं मानधन तेवढं जमा करा.