चेंडूची उस्तवार

व्यायामाचा मोठा चेंडू घेताना माणसं रंग बघतात. सोफ्याला शोभेलसा जांभळा मिळाला की खरेदी झाली. व्यास कोण विचारतो? निकष तसा सोपा: बसल्यावर पावलं जमिनीला सपाट टेकावीत, गुडघे काटकोनात राहावेत. सव्वापाच फुटी माणसाला साधारण 55 सेंटिमीटरचा पुरतो. पण ‘75चाही त्याच किमतीत’ म्हटलं की आपला हिशेबी बाणा जागा होतो, आणि मग काकू चेंडूवर बसून, पाय अधांतरी हलवत मालिका बघतात.

हा चेंडू 1963 साली बनवला अक्विलिनो कोसानी या इटालियन कारखानदाराने. स्विस फिजिओथेरपिस्टांनी तो रुग्णांसाठी वापरला, म्हणून नाव पडलं ‘स्विस बॉल’. (श्रेयवाटपाची ही पद्धत आपल्या सोसायट्यांच्या कमिट्यांनाही ठाऊक आहे.)

खोक्यावर ‘अँटी-बर्स्ट’ असतं. म्हणजे टोचलं तर फटकन फुटणार नाही, हवा हळूहळू जाईल. घरचे त्याचा अर्थ अमरत्व असा घेतात आणि खिळा वर आलेल्या दिवाणाशेजारी तो खुशाल लोटतात. पहिल्या दिवशी थोडा कमीच फुगवा, उन्हात ठेवू नका, साबणाच्या पाण्याने पुसा, हे सगळं पत्रकात असतं; पत्रक रद्दीत. चेंडू बाल्कनीत, पश्चिमेच्या उन्हात, वर ओले टॉवेल.

दिवाळीला पाहुणे येणार म्हणून तो माळ्यावर चढवायचा ठरतो. त्यासाठी हवा काढायला हवी, आणि ते पांढरं बूच उपटायचा चिमटा पंपासकट भंगारवाल्याकडे गेलेला असतो.