दुखतं एकीकडे

पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की सण्णकन कळ जाते आणि मग एक विलक्षण क्षण येतो. माणूस एका पायावर उभा, तोंड उघडं, पण ओरडलेला नाही. खरं दुखणं अजून वाटेत आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पहिली कळ आणणारे ‘ए-डेल्टा’ मज्जातंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतात. मागून ठणका घेऊन येणारे ‘सी’ तंतू मात्र सेकंदाला जेमतेम मीटरभर, म्हणजे आपण जेवणानंतर शतपावली घालतो त्या चालीने. उंच माणसांना वाट जास्त पाहावी लागते.

मग आपण करंगळी चोळतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी त्याचा खुलासा मांडला: स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूतलं दार वेदनेपुरतं लोटलं जातं. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बरेच बदलले, चोळणं टिकलं.

करंगळी निदान खरा पत्ता सांगते. आतल्या अवयवांचा भरवसा नाही. खडा पित्ताशयात, दुखतो उजवा खांदा. रक्तवाहिनी हृदयाची तुंबते आणि कळ डाव्या हातात, नाहीतर जबड्यात. हृदयाकडचे आणि हाताकडचे तंतू मज्जारज्जूत त्याच पेशींपाशी येऊन मिळतात. मेंदूकडे जन्मभर तक्रारी आल्या त्या हाताच्या. तो सवयीने हाताचंच नाव घेतो. आपल्या घरात तर तिसरंच निदान होतं: ‘गॅस झालाय.’ ओवा येतो, सोडा येतो, हिंग कुठे लावायचा यावर वाद होतो. हे निदान पुष्कळदा खरं निघतं, हीच त्यातली भीती. छाती दाटून घाम फुटला असेल, तर ओवा राहू द्यावा आणि अँब्युलन्स बोलवावी.

काही दुखण्यांत जखमच नसते, मज्जातंतूच बिघडलेला असतो. मधुमेह्याच्या तळपायांची रात्री आग होते, चादरीचा स्पर्श नको होतो. घरच्यांना पाय धडधाकट दिसतात, मग कुणीतरी ‘मनाचे खेळ’ म्हणतं. म्हणणाऱ्याला ती चादर एक रात्र द्यावी.

वेदना मोजायचं यंत्र नाही, म्हणून डॉक्टर विचारतात, “शून्य ते दहापैकी किती?” गृहस्थ प्रामाणिकपणे विचारात पडतात. शेजारी बसलेल्या काकू कुजबुजतात, “अहो, आठ सांगा. कमी सांगितलं तर नुसता बाम लिहून देतील.”