बारा ऋषी आणि एक मावशी

माहुलच्या खाडीवर रोहित पक्षी हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्याअखेर जातात. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या मात्र बारमाही असून त्या कधीच उडत नाहीत. या दोहोंकडे तोंड केलेल्या माझ्या खोलीत, बारा दूरस्थ संगणकांवर रेडिसची स्थापना करण्याचे फर्मान एका कचेरीकडून येऊन थडकले. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन गृहस्थाने २००९ साली जगापुढे ठेवलेल्या या दफ्तराचा कायदा सोपा आहे: किल्ली सांगावी आणि तिच्या नावे ठेवलेला ऐवज घ्यावा, सारा जिन्नस संगणकाच्या स्मृतीतच असल्यामुळे रुमाल सोडणे, धूळ झटकणे, कारकुनाला चहा पाजणे यांपैकी काहीही करावे लागत नाही.

पहिले तीन संगणक मी स्वहस्ते सिद्ध केले, आणि एकाच बापाच्या तीन पोरांप्रमाणे त्यांना तीन निरनिराळी वळणे लागली. तेव्हा मी अन्सिबल नामक कारभारी नेमला. त्याचे नाव उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ सालच्या कादंबरीतील, अथांग अंतराळापार तत्क्षणी निरोप पोचवणाऱ्या यंत्राचे. एकदा लिहून दिलेला हुकूम तो सर्वत्र सारखाच तामील करतो, आणि तोच हुकूम दहा वेळा दिला तरी झालेल्या कामास पुन्हा हात लावत नाही. हा सद्गुण आमच्या घराण्यात कोणाच्याही अंगी उतरलेला नाही.

कोणत्या पत्त्यावरची हाक ऐकावी, हे रेडिसला सांगणारी एक ओळ असते. ती न बदलल्यास तो फक्त स्वतःच्याच यंत्रातली हाक ऐकतो. ती ओळ बदलण्यास मी विसरलो. परिणामी बाराच्या बारा संगणक ६३७९ क्रमांकाच्या पोर्टवर, ऋषींप्रमाणे, आत्मसंवादात निमग्न झाले. हाताने केली असती तर चूक एखाद्याच संगणकावर झाली असती. कारभाऱ्याने ती इमानेइतबारे, कोणताही पंक्तिप्रपंच न करता, सर्वांस वाढली. घाबरून मी तोच हुकूम पुन्हा सोडला, तेव्हा उत्तर आले: बदल शून्य.

ओळ दुरुस्त करून, स्मृती भरल्यावर काय करावे हेही ठरवून टाकले: ज्याची फार दिवसांत कोणी विचारपूस केली नाही, ते आधी विसरावे. हा उदार नियम जगात सर्वत्र लागू असावा, अशा श्रद्धेने मी संध्याकाळी मासळीबाजारात गेलो आणि पावसाळ्यापूर्वीच्या चाळीस रुपयांविषयी अवाक्षर न काढता, ओले बोंबील उधार मागितले.

रेडिसचा मूळचा नियम मात्र निराळा आहे: जुने काही टाकायचे नाही, नवे घ्यायला साफ नकार द्यायचा.

"मागचं चाळीस दे भाऊ आधी," मावशी म्हणाली, "मग नवं."