सुभेदाराचं ता. क.

दारू सोडणारे काही मुकाट सोडतात. काही जण सोडून जगाला उपदेश पाजत सुटतात. आमचा सुभेदार तिसऱ्या जातीचा. तो फक्त कळवतो. तुमच्या ओळखीतही असा एक असेलच; पण आमच्यानं हा उद्योग ऐन लढाईतून केला.

1971 साल. तेव्हा तो सुभेदार नव्हता, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, साधा शिपाई होता. पत्त्यात नाव, नंबर आणि फौजी टपालाचा ‘ए.पी.ओ.’ क्रमांक. गडी बंगालात आहे की चंद्रावर, ते त्यावरून कळायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्याचं पत्र यायचं शिंप्याच्या दुकानात. असला मजकूर घरच्या पत्त्यावर पाठवायची छाती भल्याभल्या जवानाची नसते. मजकूर ठरलेला: ‘स.न.वि.वि. पत्रास कारण की, कालपासून दारू सोडली. आईशपथ.’ मग म्हशीची चौकशी, पिकापाण्याची चौकशी, आणि शेवटी अंतर्देशीयाच्या घडीवर, गोंद लागतो तिथं, मुंगीएवढ्या अक्षरात: ‘ता. क. आज थंडी फार होती.’

पुढच्या पत्रात पुन्हा सोडलेली. ‘ता. क. हवालदारसाहेबांचं मन मोडवेना.’ त्याच्या पुढच्यात, ‘ता. क. सरकारी माल वाया घालवणं फौजेत गुन्हा आहे.’ शिंपी तर पत्र उलटं धरून आधी घडीवरचंच वाचायचा. वरचा मजकूर आम्हाला पाठ होता.

आमची उत्तरंही तोडीस तोड असत. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. परवान्याशिवाय पिणं गुन्हा. त्यामुळे आमची बैठक उसाच्या फडात, हातभट्टीची, एक कान पोलीसपाटलाच्या चपलांकडे लावून. आम्ही लिहिलं, ‘इकडे सरकार प्यायलेल्याला धरून नेतं, तिकडे सरकारच रांगेत उभं करून मगात ओतून देतं. आमचीही तिकडे सोय बघ.’ उत्तर आलं, ‘लेकांनो, जरूर या. इथं रमशिवाय आणखीही बरंच काही फुकट मिळतं.’ शिंप्याचं मशीन थांबेपर्यंत आम्ही हसलो.

पत्रं अधिकारी वाचून मगच पुढे जाऊ देत. ठिकाण लिहायचं नाही, कूच कुठं ते लिहायचं नाही, आपले किती गेले ते तर नाहीच नाही. एवढं वगळल्यावर शिपायाच्या हाती उरतं काय? हवा, म्हैस आणि रम. त्यानं रमेवर भागवलं.

डिसेंबरात त्याची पलटण पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होती. तिथली पत्रं इतिहासात गेली आहेत: ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्याच्या हाती शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. 10 डिसेंबरच्या रात्री त्या कर्नलची शिबंदी वेढा फोडायला बाहेर पडली आणि थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. 11 तारखेला जमालपूर पडलं, 16 ला ढाका. आम्ही पेढे वाटले, फडात जाऊन जास्तीची प्यालो.

त्यानंतरच्या त्याच्या पत्रात जमालपूरचं नाव नव्हतं. ‘दारू सोडली’ होतं. म्हशीची चौकशी होती. शिंप्यानं पत्र उलटंसुलटं केलं, दिव्यासमोर धरलं. ता. क. नव्हतं.

कोण गेलं, किती गेले, हे रजेवर आल्यावरही त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. रजेच्या शेवटी शेवटी शिंप्याच्या दुकानात पुडक्यातून एक बाटली आली तेव्हा आमच्यातल्या एकाला रडू फुटलं. त्याला वाटलं, माणूस परत आला. (या गावात दारूच्या बाटलीमुळे आनंदाश्रू आल्याची ही एकच नोंद आहे.)

आता पेन्शन आहे, कॅन्टीनचं कार्ड आहे, गुडघे नाहीत. डॉक्टर ओरडतो, सूनबाई ओरडते. दर सोमवारी मोबाइलवर निरोप येतो, ‘दारू सोडली’, आणि संध्याकाळी दुसरा, ‘ता. क. पाऊस होता.’ माणूस वैताग आहे, खोटारडा आहे आणि शपथेसाठी आईला अजून वापरतो. पण एखाद्या सोमवारी रात्री नऊपर्यंत ता. क. आलं नाही, तर मी फोन लावतो. तो झोपेतून उठून चार शिव्या हासडतो. त्या ऐकल्या की मी जेवायला बसतो.