ऑक्सिजन कमी पडतोय

नांदेड-लातूरकडे बऱ्या नोकरीतल्या कुणालाही ‘सर’ म्हणतात, म्हणून यालाही सरच म्हणू. नांदेडात तो बहुधा बँकेत असतो, लातुरात एखाद्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. ओळखायची खूण एकच. लाईट गेली की अख्ख्या गल्लीत हा एकटाच खूश होतो. बाकीचे मेणबत्ती शोधतात, हा गच्चीचा जिना.

गच्चीवर त्याचा दुसरा संसार असतो : ट्रायपॉड, ताऱ्यांच्या चालीनं फिरणारं माउंट, छोटी दुर्बीण आणि तिच्यामागे स्वतःचा सेन्सर गार ठेवणारा रंगीत कॅमेरा. एप्रिलमध्ये घरात कूलर नीट चालत नसला तरी सेन्सर उणे तापमानात असतो, हे बायकोच्या लक्षात आलेलं आहे. माउंट ध्रुवताऱ्याशी जुळवावं लागतं, आणि नांदेडहून ध्रुव क्षितिजाच्या जेमतेम १९ अंश वर दिसतो. म्हणजे नेमका शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीआड. पहाटे सर दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून फोटो काढतात आणि मग झाकण लावून आणखी काढतात. बनियनचे ते ‘फ्लॅट’, झाकणाचे ते ‘डार्क’. धुळीचे डाग आणि सेन्सरची खरखर काढून टाकायला दोन्ही लागतात. घरच्यांना हे एव्हाना पटलंय. टाकीवाले अजून गच्चीचं दार लावून घेतात.

लातुरात अभ्यासिकांचे दिवे रात्रभर जळतात. पोरं डॉक्टर होतील, पण तोवर आकाशगंगा दिसायची नाही. त्यावर सरांचा तोडगा म्हणजे ड्युअल-बँड फिल्टर. तो तेजोमेघांचा मोजका उजेड आत सोडतो : हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा आणि ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची हिरवट-निळी. रस्त्यावरचे दिवे आणि चांदणं बव्हंशी बाहेरच राहतं. काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यानं हे काम जास्त चोख होतं, पण त्याला फिल्टरचं चक्र लागतं, प्रत्येक फिल्टरला वेगळ्या रात्री लागतात आणि प्रत्येक वस्तूची किंमत घरी वेगळी सांगावी लागते. म्हणून रंगीत.

पण इथेच खरं दुखणं सुरू होतं. रंगीत सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे एक लाल, दोन हिरवे आणि एक निळा. हायड्रोजनचा उजेड पडतो फक्त लालवर, ऑक्सिजनचा हिरव्या-निळ्या तिन्हींवर. म्हणजे ऑक्सिजनच्या वाट्याला तिप्पट पिक्सेल, तरी बहुतेक तेजोमेघांत तोच फिका. मग सर चहाच्या टपरीवर कपाळाला हात लावून बसतात.

“काय करायलाव सर? तोंड का उतरलंय?”

“हायड्रोजन भरपूर आहे हो, पण ऑक्सिजन कमी पडतोय.”

“अरे देवा! कुणाला ॲडमिट केलंय?”

जून ते सप्टेंबर आभाळ बंद. गावाला पावसाची काळजी, सरांना प्रोसेसिंगची. लाल चॅनेल वेगळा काढायचा, हिरवा-निळा मिळून ऑक्सिजन काढायचा, सॉफ्टवेअरनं तारे उचलून बाजूला ठेवायचे, अंधारात दडलेले धागे हलक्या हातानं उजळायचे. मग हायड्रोजन लालमध्ये, ऑक्सिजन हिरव्या-निळ्या दोन्हींत घालून मोट बांधायची आणि तारे परत आणून बसवायचे. रात्री एक वाजता बायकोला हाक येते, “अगं, यातला कोणता बरा?” स्क्रीनवर दोन सारखेच फोटो असतात. ती अनुभवानं “डावीकडचा” म्हणते आणि झोपते. सर पहाटेपर्यंत डावीकडचाच का, याचा विचार करतात.

पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला : “हे खरे रंग आहेत का?” सर खुर्ची पुढे ओढतात. “हबलचे १९९५ चे ते गरुड तेजोमेघातले खांब पाहिलेत ना? त्यात गंधक लाल दाखवलंय, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा. हायड्रोजन कधी हिरवा असतो का? नासानं केलं की शास्त्र, आणि मी केलं की रंगपंचमी?” सरांच्या फिल्टरमधून गंधकाची रेषा येतच नाही, तरी सोनेरी छटेच्या मोहात दोन चॅनेलची भेसळ करून सर हबलची नक्कल करतात. मात्र फोटोखाली तसं प्रामाणिकपणे लिहितात. दुधात पाणी घालून डब्यावर पाण्याचं प्रमाण लिहिणारा हा जिल्ह्यातला एकमेव माणूस.

त्याचा सण एकच, वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर जिल्हा ओस पडतो. सगळे शेतात, भज्जी-आंबिलीवर. सरांना याहून काय हवं? शेत, थंडी आणि सरकारी कॅलेंडरवर छापलेली चंद्र नसलेली रात्र! उंडे खाऊन पाहुणे परततात, हे म्हणतात, “तुम्ही व्हा पुढं.” मृग नक्षत्र वर येतं, सर कोपीशेजारी ट्रायपॉड रोवतात, तोच बांधावरून बॅटरीचा झोत आणि आवाज येतो, “कोण हाय तिकडं? शक्तिपीठ महामार्गाची मोजणी राती बी चालू केली का?” एवढ्यानं पाच मिनिटांचं एक एक्स्पोजर वाया जातं. पुढची दोन, सर्व्हे करायला आलो नाही हे पटवण्यात.

एवढ्या खटाटोपानं तयार झालेला रोझेट तेजोमेघ घरच्या ग्रुपवर पडतो. सव्वीस अंगठे येतात. महिनाभरानं उदगीरचे मामा तोच फोटो परत पाठवतात. मधोमध गुलाबाचं फूल, वर ‘शुभ सकाळ’, खाली एक सुविचार. बायकोला वाटतं, आता हे चिडणार. सर चष्मा वर करून फोटो मोठा करतात, फुलाच्या पाकळीशेजारी बोट ठेवतात आणि कळवळून म्हणतात, “बघ, फॉरवर्ड करून करून सगळा ऑक्सिजन गेला!”