उपनगरी पिस्तूलमीमांसक

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांत, जी नोकरदार पुरुषजात आढळते, तिचा अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिलेला एक पोटभेद म्हणजे पिस्तूलमीमांसक होय. चाळिशी उलटलेली, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली आणि दिवाळीत लवंगीची वात पेटताच दोन पावले मागे सरण्याची सवय, ही त्याची बाह्य लक्षणे असून, कोणत्या कंपनीचे पिस्तूल ऐन वेळी दगा देईल याविषयीचे ठाम मत हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण मानावे लागते.

वादाचा विषय सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल हा असतो. म्हणजे असे शस्त्र, की ज्यात गोळी सुटताच तिच्याच धक्क्याने 'स्लाइड' हा वरचा सरकता भाग मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत चढवतो, मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो. या क्रियेत पुंगळी अडकली, तर पिस्तूल 'जॅम' झाले असे म्हणतात, आणि या एका शब्दावर बोरिवली ते चर्चगेट हा लोकलचा प्रवास सहज निभावतो.

मीमांसकांत पंथभेद तीव्र आहेत. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये पसंत केलेल्या, पॉलिमरच्या सांगाड्याच्या पिस्तुलाचे उपासक ते ग्लॉकपंथी. अमेरिकी सैन्याने 1985 मध्ये निवडलेल्या इटालियन पिस्तुलाची स्लाइड वरून उघडी असल्याने पुंगळी अडकत नाही, असे मानणारे ते बेरेटापंथी. त्याच अमेरिकी सैन्याने 2017 मध्ये बेरेटाला निरोप दिला, हे ग्लॉकपंथी विजयी मुद्रेने सांगतो. परंतु ती निवड सिग सावरची होती आणि स्पर्धेत ग्लॉकही हरले होते, हे तिसऱ्या, म्हणजे सिगपंथाच्या सहप्रवाशाने लक्षात आणून देताच त्याला अचानक खिडकीबाहेरचे जोगेश्वरी पाहावेसे वाटते. प्रात्यक्षिकासाठी बहुधा चष्म्याचे घर वापरले जाते. त्याचे झाकण मागेपुढे करताना काच पुसायचे फडके फटीत अडकले, तर प्रतिपक्ष ते जॅमचे उदाहरण म्हणून तत्काळ नोंदवून घेतो.

आता, ज्या 9 मिलिमीटर बोअरवर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासावर, हे सारे युद्ध चालते, तो बोअर 1959 च्या शस्त्र कायद्याच्या चौकटीत सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. पोलीस आयुक्तालयातून परवाना मिळालाच, तर परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .32 बोअर येतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, या न्यायाचे याहून शुद्ध उदाहरण उपनगरांत मिळणे कठीण.

क्वचित एखाद्या गृहनिर्माण संस्थेत खरोखरचा परवानाधारक, उदाहरणार्थ एखादा सराफ, वास्तव्यास असतो आणि निर्णायक साक्षीदार म्हणून त्याला पाचारण केले जाते. निवडणूक जाहीर झाली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करणे, त्याची पावती जपणे, मग ते सोडवून आणणे आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख न चुकवणे, एवढेच त्याचे शस्त्रज्ञान असते. पिस्तूल कधी अडकले का, असे विचारल्यास ते कधी उडवलेच नाही, असे तो प्रांजळपणे सांगतो. हे ऐकून तिन्ही पंथांत प्रथमच एकमत होते, आणि ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याला या विषयात बोलण्याचा अधिकार नाही, असा निर्वाळा देऊन वाद पुढे चालू राहतो.